चहा दिला म्हणून नामंजूर

माझा धंदा लोकांचं उणं लिहिण्याचा. कोणाचं काय गेलं, कोणाकडून काय होत नाही, कोणाला कोण नाही, हे सरकारला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं आणि खाली अर्जदाराची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. या अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हटलं तेव्हा मी विचारलं, विहित नमुन्यात लिहू का साध्या कागदावर? त्या हसल्या. मी खरंच विचारलं होतं. इतकी वर्षं 'विनंती करण्यात येते की' याच्याशिवाय मी कागदावर पाऊल टाकलेलं नाही.

मी अर्जनवीस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझं टेबल असे. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथले बाबू अजून ओळखीचे आहेत आणि त्यांच्यातले दोघं-तिघं दिवाळी अंक वाचतात. आमची वस्ती बुद्धविहाराच्या मागची. तिथं शाळा सोडणाऱ्या पोरीला आईबापांच्या आधी शेजारी रागवत, त्यामुळे मी शिकले. मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झाले आणि नोकरीची वाट पाहत बसले. नोकरी काही आली नाही. मग एक जुनं मशीन घेतलं आणि कचेरीत आत बसायला मिळत नसेल तर बाहेर बसू, असं म्हणून येऊन बसले. शेजारचे स्टॅम्पवाले काका पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, इथं लई ऊन लागते." मी म्हटलं, "काका, तुमच्या मागंच बसून राह्यली, तुमचीच सावली पडते." ते बऱ्यापैकी रुंद होते. तेव्हापासून आमचं जमलं.

लोक मला वकीलबाई म्हणतात. सुरुवातीला मी सुधारायची. मग खरे वकीलच हसायला लागले, तेव्हा सोडून दिलं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त अर्ज यायचे ते निराधार योजनेचे. म्हातारे, विधवा, अपंग यांना सरकार महिन्याला थोडे पैसे देतं. अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं, असं मध्येच ठरलं. शब्द सुधारला, रांग होती तेवढीच राहिली. गावात त्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही, 'पगार' म्हणतात. जन्मभर कोणी पगार दिला नाही अशी म्हातारी काठी टेकत येते आणि ऐटीत विचारते, "माहा पगार लागला काय वं?" मला तो शब्द फार आवडतो.

पगार लागायला कागद लागतात: वयाचा, राहण्याचा, उत्पन्नाचा, आणि दिव्यांग असेल तर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला. मग तलाठी घरी येऊन चौकशी करतो. त्याचा अहवाल तालुक्याच्या समितीपुढे जातो आणि समिती मंजूर किंवा नामंजूर करते. नामंजूर झालं तर वरच्या साहेबांकडे, म्हणजे एसडीओंकडे अपील करायचं. ते आमच्याच कचेरीत सुनावणी घेतात. अपिलाची एकच रीत आहे. नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिलं असेल त्याला उत्तर द्यायचं आणि थांबायचं. लोकांना थांबायचं नसतं. त्यांना भावानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला तेही लिहायचं असतं आणि सून ताटात भाकर आपटते तेही. मी ते सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि लिहायची नाही.

खोटी माणसंही येत. एकजण बहिरेपणाचा अर्ज लिहून घ्यायला आला. मी ओरडून ओरडून नाव-गाव विचारत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानं त्याला हाक मारली आणि तो चटकन वळून म्हणाला, "आलो, थांब." मी बोटं मशीनवरून उचलली. तो ओशाळून म्हणाला, "ताई, आज जरासं ऐकू येऊन राह्यलं." मी त्याला रस पाजायला लावला आणि घरी पाठवला.

पण जे खरे असत त्यांची तऱ्हा उलटी. ते आपलं उणं झाकून येत. समितीसमोर जायचं म्हणून दाढी करून, शेजाऱ्याचा इस्त्रीचा शर्ट घालून येत. झरी जामणीकडचा एक कोलाम आदिवासी माणूस लेकीकडे आमच्या तालुक्यात राहायला आला होता. जंगलात ओंडका पडून त्याचा हात मनगटापासून गेलेला. तो सुनावणीला आला तो लांब बाह्यांचा सदरा घालून, आणि तो हात सारा वेळ खिशात. मी म्हटलं, "दादा, तो हात बाहेर काढा, तोच तर दाखवायचा हाय." तो म्हणाला, "चार लोकांत कसा काढू?" मोठ्या मिनतवारीनं काढला. अशा लोकांना आपलं दुखणं मांडायला शिकवणं हाही माझ्या धंद्याचाच भाग होता, आणि त्याचा मला कधी अभिमान वाटला नाही.

या सगळ्यात मला पुरून उरली ती अनसूयाबाई. अनसाबाई म्हणायचे सगळे.

ती पहिल्यांदा आली ती शेजारीण कमलच्या खांद्यावर हात ठेवून. साठी उलटलेली, सडपातळ, लुगड्याच्या निऱ्या एकसारख्या. टेबलाशी येऊन म्हणाली, "वकीलबाई तूच काय वं?"

"वकील नाई, पन बसा."

"कागद आनला हाय. कमलनं वाचला, पन तिले सरकारी भाषा समजत नाई."

मी कागद वाचला. नामंजुरीचा होता. कारण असं लिहिलं होतं: गृहचौकशीचे वेळी अर्जदार महिलेने स्वतः चहा तयार करून चौकशी पथकास दिला, तिच्या हालचालीवरून दृष्टिदोष असल्याचे दिसून आले नाही, सबब अर्ज नामंजूर. सोबत डॉक्टरांचा दाखला होता. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, परत येणार नाहीत, असं त्यात स्वच्छ होतं. पण त्या दिवसांत बोगस दाखल्यांचा फार बोभाटा झाला होता, म्हणून समिती दाखल्यापेक्षा चौकशीवर भिस्त ठेवून होती.

"तुम्ही चहा देल्ला त्यायले?" मी विचारलं.

"म्हंजे? नाई देऊ?" ती माझ्याकडेच पाहिल्यासारखं करून म्हणाली. "उन्हातून आलते बिचारे. तलाठी होता, कोतवाल होता, अन् आनखी एक कोनी होता, त्याच्या चपला जड होत्या."

"अवं, पन दिसत नाई हे सांगतलं नाई का?"

"सांगतलं नं. तं तलाठी म्हने, दिसत नाई मंग कप बरोबर हातात कसा देल्ला? म्या म्हनलं, बाबू, तू बोलून राह्यला नं, मंग तुहा हात कुठं असन ते समजते."

"सांडला नाई थोडासाबी?"

"माह्या हातून?" तिला राग आला. "माहेर बोरी अरबचं हाय माह्यं. बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर अर्धा बाजार चहा पिऊन जाये. माह्या हातून आजपावतो सांडला नाई."

मी कपाळाला हात लावला. अख्ख्या तालुक्यात चहा चांगला दिला म्हणून पगार नाकारलेली ही एकटीच असेल.

नुसता पैशाचा प्रश्न असता तर अनसाबाई भांडायला आली नसती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक तिच्या संसारात. डोळे होते तोवर ही गोधड्या शिवून पोट भरायची. डोळे गेले तशी सुई गेली. वणीजवळच्या राजूरला तिचा भाऊ राहायचा. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, चांगला माणूस. तो म्हणत होता, बाई, एकटी कशी राहतेस, घराला कुलूप लाव नि माझ्याकडे ये. पगार लागला तर ती त्याला नाही म्हणू शकत होती. नाही लागला तर दिवाळीनंतर भाऊ तिला न्यायला येणार होता.

"भाऊ वाईट हाय का?" मी विचारलं.

"सोन्यावानी हाय. भावजयबी चांगली हाय." मग म्हणाली, "पन तिथं मले पान्याचा माठ कुठं हाय तेबी विचारा लागते, वकीलबाई. रोज त्या माठाची जागा बदलते. घर पुसते नं भावजय."

अपील लिहिण्याआधी मी तिचं घर पाहायला गेले. एरवी मी कोणाच्या घरी जात नसे, पण हा चहा मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. दोन खोल्या, पुढे छपरी. मी दाराशी 'अनसाबाई' म्हटलं आणि ती उठून सरळ चुलीकडे, म्हणजे गॅसकडे गेली. वरच्या फळीवरून पातेलं घेतलं, डबे उघडले, साखर बोटांनी चाचपली, गॅस पेटवला. दूध उतू जायच्या बेतात आलं की त्याचा आवाज बदलतो म्हणे. तिनं नेमका त्याच वेळी गॅस बारीक केला. मी आयुष्यात तो आवाज ऐकलेला नाही. मी पाहत बसले होते आणि मनात म्हणत होते, तलाठ्याचं काही चुकलं नाही, मीही हेच लिहिलं असतं.

मग ती दोन कप घेऊन वळली आणि धाडकन पडली. मी माझी कागदांची पिशवी बोलता बोलता दाराच्या मध्ये ठेवली होती. तिचा पाय पिशवीत अडकला. कप फुटले, चहा जमिनीवर. मी धावले. ती माझा हात झटकून उठून बसली आणि हातानं जमीन चाचपत काचा गोळा करायला लागली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मीच मूर्ख. पाहुन्याच्या हातात सामान हाय का नाई, हे आधी विचारा लागते." आणि पुन्हा चहा टाकायला गेली. मी तो चहा घशाखाली उतरवला. चांगला होता हे सांगायलाच हवं.

तिथंच मला कळलं की अपील कसं जिंकायचं. साहेबांच्या खोलीत तिच्या वाटेवर एक पिशवी ठेवली की झालं. कोणी काही म्हणणार नाही. मी ती गोष्ट घरापर्यंत डोक्यात घेऊन आले आणि बरेच दिवस ती तिथून गेली नाही.

अर्ज लिहिताना आमचं भांडण झालं. मी सवयीनं लिहिलं, 'मी असहाय असून मला काहीही करता येत नाही.' वाचून दाखवल्याबरोबर ती म्हणाली, "खोड ते."

"अनसाबाई, असंच लिहितात."

"लिहीत असतीन. मले सगयं करता येते. खोट्यावर मी आंगठा देत नाई."

"मंग पगार कायच्यावर मागाचा?"

तिनं विचार केला. कमल बाजूला बसून शेंगा फोडत होती, तिलाही वाटलं आता बाई उठून जाते. मग अनसाबाई म्हणाली, "लिही, माह्या घरात मले सगयं दिसते. घराच्या बाहेर काईच दिसत नाई. मनून मले माह्या घरात राहाचं हाय."

मी ते तसंच लिहिलं, फक्त शुद्ध करून. माझ्या हातून लिहिलेल्या हजारो अर्जांत ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे, आणि ते माझं नाही.

सुनावणीची तारीख लागली. मी तिला समजावलं की साहेबांसमोर जाताना कमलचा खांदा सोडायचा नाही, हळू चालायचं, चाचपडलं तरी लाजायचं नाही. "दिसत नाई हे दिसू द्या," मी म्हटलं. ती हो हो म्हणाली. इतक्या सहज हो म्हणाली तिथंच मला संशय यायला हवा होता.

सुनावणीच्या दिवशी ती आली ती हिरवं काठाचं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. कचेरीच्या पायऱ्यांपाशी तिनं कमलचा खांदा सोडला.

"हे काय?" मी म्हटलं.

"मले रस्ता मालूम हाय."

"कसा मालूम?"

कमल माझी नजर चुकवून म्हणाली, "सोमवारी आलतो आम्ही." मग सगळं बाहेर आलं. साहेब दौऱ्यावर आहेत अशी खबर काढून या दोघी सोमवारी बसनं आल्या होत्या. कचेरीचा चपराशी शेषराव, तो कमलच्या माहेरच्या गावचा निघाला. त्यानं अनसाबाईला साहेबांची खोली उघडून दिली आणि तिनं ती दुपारभर पाठ केली: दार कुठं, टेबल कुठं, साहेबांची खुर्ची कुठं, आपल्यासारख्यांनी बसायचं बाकडं कुठं. शेषरावानं तिला चहासुद्धा पाजला.

माझं डोकं फिरलं. आंधळेपण दाखवायला बोलावलेली बाई डोळसासारखं चालायचा सराव करून आली होती. मी म्हटलं, "अनसाबाई, तुमी सरळ चालत गेल्या तं साहेब काय लिहितीन? तलाठ्यानं लिहिलं तेच. राजूरची बॅग भरून ठेवा मंग."

ती शांतपणे म्हणाली, "तू रागावून राह्यली हे समजते मले. पन कोनाच्या घरी पयल्यांदा जाऊन त्याच्या टेबलावर आदळू का मी? मी कोनाकडं अशी गेली नाई. मानसानं नीट जा लागते, नीट बोला लागते. मंग त्यायले द्याचं तं देतीन."

"हे घर नाई, कचेरी हाय."

"मानसंच बसतात नं तिथं?"

तेवढ्यात शेषरावानं आमचं नाव पुकारलं. माझ्या हातात तीच कागदांची पिशवी होती. दारातून आत शिरताना अनसाबाई माझ्या एक पाऊल मागं होती. वाटेत पिशवी टेकवायला मला फक्त खाली वाकायचं होतं. मागचं-पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं: राजूर, तो माठ, आणि तिच्या घरातल्या त्या काचा. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि भिंतीकडे सरकून तिला वाट दिली. हरलो तर हरलो, असं म्हटलं आणि मनातून तिच्यावर भयंकर चिडले.

ती सरळ चालत गेली. कुठं अडखळली नाही, कशाला लागली नाही. टेबलापासून योग्य अंतरावर थांबली, पदर सावरला, हात जोडले.

खुर्ची रिकामी होती.

साहेब मागच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटापाशी उभे होते, हातात तिचीच फाईल. कूलर घरघरत होता. शेषराव साहेबांना नाव सांगून बाहेर गेला होता. तलाठी बाकड्यापाशी उभा होता, तो काही बोलला नव्हता. तिला कळायला काही वावच नव्हता.

"साहेब, नमस्कार," अनसाबाई त्या खुर्चीला म्हणाली. "मी अनसूयाबाई. तुमचा येळ जास्त घेत नाई."

मी तोंड उघडलं. साहेबांनी फाईलवरून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"माह्या घरी तुमची मानसं आलती," ती म्हणत होती. "मी त्यायले चहा देल्ला. त्याच्यात माही काई चूक झाली असन तं सांगा. पन पाहुना आल्यावर भिताडाले टेकून बसून राहा, अन् मले दिसत नाई मना, हे मले जमत नाई."

तलाठी खाली पाहू लागला. तरणा माणूस, वाईट नव्हता. साहेबांनी फाईल कपाटावर ठेवली. चपला वाजू नयेत म्हणून तिथंच काढल्या आणि अनवाणी, भिंतीच्या कडेकडेनं, टेबलाला वळसा घालून आले. खुर्ची सावकाश मागं घेतली आणि बसले. जुनी सरकारी खुर्ची, ती करकरलीच थोडीशी, पण कूलरच्या आवाजात ते कोणाच्या लक्षात येणार?

अनसाबाईनं पदर पुन्हा सावरला आणि पुढं बोलली. "माह्या घरात मले सगयं दिसते, साहेब. तिथं मी कोनाले काई मागत नाई. मले तिथं राहू द्या, एवढंच म्हननं हाय."

आता हात जोडलेले होते ते बरोबर साहेबांच्या समोर.

"बसा, बाई," साहेब म्हणाले. ते घाटावरचे, बोलणं मोजकं. "मी ऐकलं सगळं." नंतर तलाठ्याकडे वळले. "चौकशीला गेला होतात तेव्हा चहा घेतलात?"

"हो, सर."

"कसा होता?"

"चांगला होता, सर."

"ते अहवालात लिहिलं नाहीत." तलाठी म्हणाला, सर, मी चौकशी पुन्हा करून देतो. साहेब म्हणाले, आता गरज नाही, मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं.

अनसाबाईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आपलं नीट चालणं साहेबांनी पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात तलाठी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मी त्यांना घरातच पाहिलं होतं. घराबाहेर पाहिलंच नव्हतं." मी म्हटलं, "भाऊ, आम्हीबी आजच पाह्यलं." कडुनिंबाखाली येईपर्यंत मी धड चालत होते. मग टेबलाशी बसले आणि रडले. स्टॅम्पवाले काका विचारत राहिले, "नामंजूर झालं का वं?"

आदेश आला. पात्र ठरवण्यात येत आहे. मी अनसाबाईच्या गावी जाऊन तो वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाह्यलं? म्हनलं होतं नं तुले. मानसानं नीट जा लागते." मी हो म्हटलं. तिला काय सांगायचं होतं? तिचं नीट जाणं हेच खरं कारण होतं, फक्त तिला वाटत होतं तसं नव्हतं. कमल दाराबाहेर थांबली होती, तिनं काही पाहिलं नव्हतं. शेषरावही आत नव्हता, आणि तलाठी स्वतःचीच चूक कोणाला सांगणार नव्हता. साहेबांची पुढे बदली झाली. मी ठरवून टाकलं की त्या रिकाम्या खुर्चीची गोष्ट आपल्याबरोबरच जाईल.

मी आता कचेरीत बसत नाही. सगळे अर्ज मोबाइलवर नि संगणकावर भरतात, कडुनिंबाखाली झेरॉक्सवाल्यानं छत्री लावली आहे. पण निराधारवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत असं सरकारला कळवावं लागतं. अनसाबाईचा दाखला मीच भरते. राजूरचा भाऊ दिवाळीला येतो, पाहुणा म्हणून राहतो आणि जातो.

या वर्षी दाखल्याचं काम झाल्यावर मी तिला म्हटलं, "तुमच्यावर लिहून राह्यली, छापून येनार हाय. चालन का?"

"काय लिहिलं ते वाच."

मी वाचलं. तिला पिशवीत पाय अडकून पडल्याचं ऐकून हसू आलं. 'खोट्यावर आंगठा देत नाई' इथं तिनं मान डोलावली. सुनावणीत रिकामी खुर्ची मी तेव्हा लिहिलीच नव्हती. ती आत गेली, नमस्कार केला, बोलली, साहेब म्हणाले बसा, असं सरळ वाचत गेले. संपलं तेव्हा मी कागद नीट करायला लागले.

"अन् खुर्चीचं नाई लिहिलं?" तिनं विचारलं.

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. "कोनत्या खुर्चीचं?"

"अवं, साहेब पयले खुर्चीत नोयते नं. मी अर्धं बोलली तवा खुर्ची करकरली."

"तुम्हाले तवाच समजलं?"

"तवाच. आंगावरून पानी गेल्यासारखं झालं. कोनाले नमस्कार करून राह्यली मी, म्हनलं."

"मंग थांबल्या काहून नाई? इतकी वर्षं बोलल्याबी नाई."

"तो बिचारा मुकाट्यानं येऊन बसला, वकीलबाई. पायात चप्पलबी नोयती त्याच्या, नाई तं वाजली असती. मी थांबली असती तं त्याले कसं वाटलं असतं?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. चहा टाकते, म्हणाली, आणि साहेब चांगला माणूस होता, तेही लिही, म्हणाली. मी दाराशी ठेवलेली माझी पिशवी उचलली आणि मांडीवर घेऊन बसले.